लॅम्डा एक्सप्रेशन ट्रीच्या साहाय्याने प्रॉपर्टीचे मूल्य कसे वाचावे

सी शार्पमध्ये प्रॉपर्टीचे नाव स्ट्रिंग म्हणून देऊन रिफ्लेक्शनने (प्रोग्राम चालू असताना टाइपची रचना तपासण्याची सोय) तिचे मूल्य वाचता येते. मात्र पुढे कोणी त्या प्रॉपर्टीचे नाव बदलले, तर कंपायलर अवाक्षर काढत नाही आणि चूक प्रोग्राम चालू असतानाच उघड होते. सी शार्प ३.० मध्ये, म्हणजे २००७ साली, आलेल्या एक्सप्रेशन ट्रीमुळे, म्हणजे लॅम्डाची (नाव नसलेल्या छोट्या फंक्शनची) रचना डेटाच्या रूपात मांडणाऱ्या ट्रीमुळे, हा धोका टळतो, कारण लॅम्डात लिहिलेले प्रॉपर्टीचे नाव कंपायलर तपासतो. केवळ नावच हवे असेल, तर सी शार्प ६ पासून उपलब्ध असलेला ‘नेमऑफ’ पुरेसा आहे.

प्रथम आपल्या मेथडचा पॅरामीटर नुसता ‘फंक’ न ठेवता ‘एक्सप्रेशन<फंक<टी, टीरिझल्ट>>’ असा घोषित करावा. मग ‘ग्राहक => ग्राहक.वय’ असा लॅम्डा दिल्यावर कंपायलर त्याची रचना दर्शवणारा ट्री तयार करतो. महिरपी कंसांत विधाने लिहिलेला लॅम्डा मात्र येथे चालत नाही.

त्यानंतर लॅम्डाची ‘बॉडी’ तपासावी. ती ‘मेंबरएक्सप्रेशन’ असेल, तर तिच्या ‘मेंबर’मधून ‘प्रॉपर्टीइन्फो’ मिळतो. परंतु फील्ड वाचणारा लॅम्डाही याच रूपात येत असल्याने प्रकाराची खात्री करून घ्यावी. बहुतेक जण अडखळतात ते पुढे: परतीचा प्रकार ‘ऑब्जेक्ट’ ठेवला आणि प्रॉपर्टी पूर्णांक किंवा तारीख यांसारख्या व्हॅल्यू टाइपची असली, तर कंपायलर तिच्याभोवती प्रकार बदलणारा ‘कन्व्हर्ट’ नोड गुंडाळतो, आणि खरी ‘मेंबरएक्सप्रेशन’ त्या ‘युनरीएक्सप्रेशन’च्या ‘ऑपरंड’मध्ये शोधावी लागते. परतीचा प्रकार जेनेरिक (‘टीरिझल्ट’) ठेवल्यास हा खटाटोप सहसा करावाच लागत नाही.

मूल्य एखाद्या वेळीच वाचायचे असेल, तर ‘प्रॉपर्टीइन्फो’वरील ‘गेटव्हॅल्यू’ला ऑब्जेक्ट द्यावा. हजारो ऑब्जेक्ट वाचायचे असतील, तर ट्रीवर ‘कंपाइल’ बोलावून मिळणारा डेलिगेट, म्हणजे थेट बोलावता येणारे फंक्शन, वापरावा. ‘कंपाइल’ हे महागडे काम असल्याने तो डेलिगेट ‘कॉन्करंटडिक्शनरी’त साठवावा, पण ‘की’ (साठवलेले शोधण्याची किल्ली) म्हणून ट्री वापरू नये: तोच लॅम्डा पुन्हा चालला की सामान्यतः नवा ट्री तयार होतो, त्यामुळे साठवलेले कधी सापडतच नाही. टाइप आणि प्रॉपर्टीचे नाव यांची जोडी ‘की’ म्हणून योग्य ठरते.

‘ग्राहक.पत्ता.शहर’ अशा साखळीत ‘मेंबर’ फक्त शेवटची प्रॉपर्टी देतो, म्हणून तेथे ग्राहकावर थेट ‘गेटव्हॅल्यू’ चालत नाही. कंपाइल केलेला डेलिगेट पूर्ण साखळी वाचतो, आणि ‘की’ म्हणूनही साखळीतील सर्व नावे घ्यावी लागतात. पत्ता नल (रिकामा) असल्यास मात्र अपवाद फेकला जातो, आणि एक्सप्रेशन ट्रीत ‘?.’ लिहिता येत नसल्याने नलची तपासणी प्रश्नचिन्ह-अपूर्णविरामाच्या (‘? :’) सशर्त रूपात करावी लागते.