बदलते कामगार कायदे: लहान मालकाने अद्ययावत कसे राहावे

दहा-वीस माणसांचा कारखाना, दुकान किंवा कार्यालय चालवणाऱ्या मालकाकडे स्वतंत्र कायदा विभाग नसतो. महिन्यातून एकदा येणारा सल्लागार आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे संदेश, एवढ्यावरच बहुतेकांचे काम चालते. कायद्यातला बदल चुकला तर नुकसान आधी कामगाराचे होते आणि दंड नंतर येतो, म्हणून ही जबाबदारी मालकाने स्वतःकडे घ्यावी.

सुरुवात मस्टरपासून करावी. दहा कर्मचारी झाले की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावी लागते, सर्वसाधारणपणे वीस झाले की भविष्य निर्वाह निधी लागू होतो आणि पन्नासला पाळणाघराची सोय करणे बंधनकारक ठरते. कायद्याचे एक अक्षरही न बदलता, केवळ दोन माणसे वाढल्याने नवी जबाबदारी येऊ शकते. त्यामुळे दर महिन्याला संख्या मोजावी आणि ठेकेदारामार्फत आलेल्यांची नोंदही सोबत ठेवावी.

नवा कायदा आल्याची बातमी वाचली की तो मंजूर झाला आहे की लागू झाला आहे, हे आधी पाहावे. वेतन संहिता संसदेने 2019 मध्ये आणि उरलेल्या तीन कामगार संहिता 2020 मध्ये मंजूर केल्या, पण त्या अमलात आल्या 21 नोव्हेंबर 2025 रोजी. मधल्या काळात ‘उद्यापासून नवे नियम’ असे कितीतरी संदेश फिरले. राजपत्रातील अधिसूचना मिळवावी, तिच्यातील अंमलबजावणीची तारीख पाहावी आणि केंद्राचे व राज्याचे नियम वेगवेगळे तपासावेत. सल्लागाराकडूनही तोंडी उत्तर न घेता अधिसूचनेची प्रत मागावी.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे, ते म्हणजे बदल पगारपत्रकापर्यंत नेणे. समजा, एखाद्याचा महिन्याचा मोबदला 24,000 रुपये आहे, त्यात मूळ वेतन 8,000 आणि उरलेले 16,000 घरभाडे, प्रवास अशा भत्त्यांचे आहेत. नव्या व्याख्येनुसार वेतनातून वगळता येणाऱ्या अशा रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरची रक्कम वेतनात धरली जाते. येथे निम्मे म्हणजे 12,000, म्हणून जास्तीचे 4,000 मिळवून वेतन 12,000 होते आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब 8,000 वर नव्हे, त्या रकमेवर करावा लागतो. असा हिशेब प्रत्येक पदासाठी एकदा कागदावर मांडून पाहावा. सॉफ्टवेअर आपोआप बदलेल असे गृहीत धरू नये. 1 एप्रिल 2023 पासून महाराष्ट्रात 25,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर माफ झाला. जिथे सॉफ्टवेअरमधील जुना दर तसाच राहिला, तिथे त्यांच्या पगारातून दरमहा विनाकारण कपात होत राहणार.

ठरलेल्या तारखांचे एक पानी वेळापत्रक हिशेबनिसाच्या टेबलासमोर लावावे. भविष्य निर्वाह निधीचा भरणा पुढील महिन्याच्या 15 तारखेपर्यंत करायचा असतो, कामगार कल्याण निधीची वर्गणी जून आणि डिसेंबरच्या पगारातून कापली जाते आणि किमान वेतनावरील विशेष भत्ता जानेवारी व जुलैपासून नव्याने ठरतो. त्याचे परिपत्रक उशिरा हाती आले, तरी फरक लागू तारखेपासूनच द्यावा.

शेवटी बदल कामगारांना त्यांच्या भाषेत लेखी कळवावा. प्रत्येकाला नियुक्तिपत्र मिळाले आहे का, हे तपासावे. नोकरी सोडणाऱ्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करायचे असते, ही गोष्ट पर्यवेक्षकापासून हिशेबनिसापर्यंत सर्वांना ठाऊक असावी, कारण राजीनामा बहुधा आधी पर्यवेक्षकाच्या हाती पडतो आणि तो तिथेच आठवडाभर पडून राहिला तर मुदत केव्हाच उलटून गेलेली असते.