या चुका टाळा: जुन्या पीसीवर इंटरप्ट हँडलर लिहिताना

जुन्या आयबीएम पीसीवर डॉसखाली इंटरप्ट हँडलर, म्हणजे एखाद्या उपकरणाने प्रोसेसरचे लक्ष वेधले की चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहू पाहणारे नवशिके वेगाच्या नादात पहिल्यांदा कात्री लावतात ती नेमकी आवश्यक सूचनांना. नको ती कामे मात्र हँडलरमध्ये तशीच राहतात.

सर्वांत महागात पडणारी चूक सीरियल पोर्टच्या बाबतीत होते. एका वजनकाट्याचा प्रोग्रॅम दुरुस्तीसाठी माझ्याकडे आला होता. सकाळी तो नीट चाले, पण दिवसभरात केव्हातरी पडद्यावरचे वजन एकाच आकड्यावर अडकून बसे. कीबोर्ड आणि घड्याळ चालूच असत, आणि पीसी पुन्हा सुरू केला की सारे सुरळीत होई. केबल बदलून झाली होती, कार्डही बदलून झाले होते. हँडलर मात्र कोणी उघडून वाचला नव्हता. तो एक बाइट वाचून बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवी, ८२५९ला, म्हणजे इंटरप्ट गोळा करून प्रोसेसरकडे पाठवणाऱ्या चिपला, ईओआय (इंटरप्टचे काम संपल्याचा आदेश) देई आणि परते. लाइन स्टेटसचा, म्हणजे बाइट येताना झालेल्या चुका कळवणारा, इंटरप्टही चालू केलेला होता, पण त्याचे रजिस्टर (चिपमधील नोंदीची जागा) वाचण्याची तसदी घेतलेली नव्हती. शेजारची मोटर सुरू होताना केबलमध्ये विद्युत गडबड होऊन एखादी फ्रेमिंग एरर (बाइटचा शेवट योग्य जागी न सापडणे) आली, की ८२५०ची, म्हणजे सीरियल पोर्टच्या चिपची, इंटरप्ट लाइन वरच राही. पीसीतील ८२५९ एज-ट्रिगर्ड पद्धतीने चालतो. लाइन खाली येऊन पुन्हा वर गेल्याखेरीज त्याला नवा इंटरप्ट दिसत नाही, त्यामुळे पोर्ट तिथेच कायमचा गप्प होई.

यावर माझी सवय अशी आहे, की इंटरप्ट आयडेंटिफिकेशन रजिस्टर वाचायचे, त्यात दिसेल ते कारण निकालात काढायचे, आणि त्याचा सर्वांत खालचा बिट १ होईपर्यंत हेच करत राहायचे, ईओआय त्यानंतर. एवढी भर ज्यांना जड वाटते, त्यांनी सीरियल पोर्टच्या वाटेला जाऊ नये. ‘८२५०च्या जागी १६५५०ए ही सुधारित चिप बसवा’ हा सल्लाही मला पटत नाही, कारण त्याच्या १६ बाइटांच्या फिफोमुळे (आलेले बाइट क्रमाने धरून ठेवणाऱ्या रांगेमुळे) सदोष हँडलर दुरुस्त होत नाही, फक्त दोष उशिरा दिसतो.

दुसरी चूक म्हणजे हँडलरमधून प्रिंटएफ (पडद्यावर मजकूर छापणारे सी भाषेतील फंक्शन) किंवा डॉसच्या सेवा बोलावणे. डॉसचे एक काम अर्धवट असताना त्याला दुसरे सांगता येत नाही. सांगितले तर यंत्र कधी अडकेल याचा नेम नाही. शिवाय ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) साधारण दर मिलिसेकंदाला एक बाइट येतो, म्हणजे ४.७७ मेगाहर्ट्झच्या ८०८८ प्रोसेसरच्या हाती दोन बाइटांमध्ये क्लॉकचे जेमतेम ५,००० ठोके असतात, आणि ८२५० तर न वाचलेला एकच बाइट धरून ठेवू शकतो. पडदा एक ओळ वर सरकेपर्यंत पुढचे कित्येक बाइट हातचे जातात. मी २५६ किंवा १०२४ बाइटांचा रिंग बफर (शेवट आला की पुन्हा सुरुवातीपासून भरणारा साठा) ठेवतो: हेड (लिहिण्याची जागा) फक्त हँडलर बदलतो, टेल (वाचण्याची जागा) फक्त मुख्य प्रोग्रॅम, आणि छपाई मुख्य प्रोग्रॅमच करतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. हँडलरमध्ये शिरताना डीएस (डेटा कुठे आहे ते सांगणारा प्रोसेसरचा रजिस्टर) आपलाच असेल असे गृहीत धरू नये. स्ट्रिंग सूचना वापरण्यापूर्वी सीएलडी (स्ट्रिंग पुढच्या दिशेने चालवणारी सूचना) द्यावी. एटीवर (दोन ८२५९ असलेल्या नंतरच्या पीसीवर) आयआरक्यू (इंटरप्ट लाइन) ८ ते १५ साठी ईओआय दोन्ही ८२५९ना द्यावा लागतो. प्रोग्रॅम संपताना आधी ८२५९च्या मास्कमध्ये ती आयआरक्यू बंद करावी, मग जुना व्हेक्टर (आधीच्या हँडलरचा पत्ता) परत बसवावा, आणि हे कंट्रोल-सी दाबून बाहेर पडणाऱ्याच्या बाबतीतही होईल याची तजवीज करावी.