गॅस बंद करून तिखट घाला: घरच्या घरी पॅप्रिकाश चिकन

कोल्हापूरच्या घरात चिकन म्हटलं की रस्सा लालभडक हवा. हंगेरीतलं पॅप्रिकाश चिकनही लालच असतं, पण त्यात झणका नसतो. गोडसर मिरचीचा वास आणि आंबूस सायीचा मऊपणा हीच त्याची चव. म्हणून कांदा-लसूण चटणी, गरम मसाला, खोबरं, हळद, सगळं फळीवरच राहू द्या.

पॅप्रिका म्हणजे वाळवून दळलेली, कमी तिखट जातीची मिरची. आपल्याला जशी ब्याडगी आणि संकेश्वर, तशी त्यांची मिरचीची गावं सेगेद आणि कालोचा. मोठ्या दुकानात गोड पॅप्रिकाची बाटली मिळते; ‘स्मोक्ड’ लिहिलेली मात्र घेऊ नका, धुराच्या वासाखाली बाकी सगळं दबतं. मला तर लक्ष्मीपुरीतून आणलेली ब्याडगीच आवडते. देठं आणि बिया काढून मिरच्या कोमट तव्यावर नुसत्या गरम करायच्या, मिक्सरला बारीक करून चाळायच्या. रंग भरपूर, तिखटपणा बेताचा. पॅप्रिका असेल तर अडीच टेबलस्पून, ब्याडगी असेल तर दीड पुरे.

चौघांसाठी पाऊण किलो चिकन घ्या, हाडासकट, शक्यतो तंगड्या. दोन मोठे कांदे अगदी बारीक चिरा. एक टोमॅटो, एक ढोबळी मिरची, चार लसूण पाकळ्या. तिकडे डुकराच्या चरबीत करतात. आपण दोन चमचे तेल आणि एक चमचा तूप घेऊ.

तुकडे पुसून कोरडे करा, मीठ लावा आणि जाड बुडाच्या कढईत दोन्ही बाजूंनी सोनेरी करून बाजूला काढा. त्याच तेलात कांदा, चिमूटभर मीठ, मंद आच. पंधरा मिनिटं तरी द्या. आपल्या हाताला कांदा लाल करायची सवय. इथं तो काचेसारखा होऊन विरघळायला हवा, कारण रस्सा पुढं त्याच्यावरच दाट होतो. शेवटी ठेचलेला लसूण घालून मिनिटभर परता.

आता गॅस बंद करा. कढईची चुरचुर थांबू द्या, मग पॅप्रिका किंवा ब्याडगीचं तिखट घाला आणि हलवा. दहा-पंधरा सेकंदांत तेल केशरी-लाल होतं आणि उन्हात वाळत घातलेल्या मिरच्यांसारखा गोड वास येतो. लगेच अर्धी वाटी पाणी ओता. मिरचीचा रंग तेलात उतरतो, म्हणून ती आधी तेलात पडायला हवी; पण तिच्यात साखर असते, कडक आचेवर ती करपते आणि रस्सा तपकिरी, कडू होतो. पुढं काहीही घातलं तरी तो कडवटपणा जात नाही.

टोमॅटो, ढोबळी मिरची, चिकन आणि ताटात सुटलेलं पाणी कढईत घाला. आणखी अर्धी वाटी पाणी, गॅस पुन्हा सुरू, झाकण ठेवून मंद आचेवर पस्तीस ते चाळीस मिनिटं. मांस हाडापासून सहज सुटलं की झालं.

तिकडं यात आंबट साय पडते. आपल्याकडं म्हशीचं दही आयतंच दाट. ते फडक्यात बांधून तासभर टांगा. चार चमचे चक्का, दोन चमचे साय आणि एक सपाट चमचा मैदा एकत्र घोटा, गुठळी राहू देऊ नका. पहिल्या खेपेला मी गार दही थेट उकळत्या रश्श्यात ओतलं आणि सगळं फाटून कणी झाली. म्हणून आधी एक पळी गरम रस्सा या मिश्रणात घालून हलवा, मग दुसरी, आणि कोमट झालं की कढईत ओता. पांढरा रस्सा करणाऱ्यांना हे सांगायला नको: आच मंद, हात हलता. चार-पाच मिनिटांत मैद्याचा कच्चा वास जातो आणि रस्सा विटकरी-केशरी होऊन पळीच्या पाठीला चिकटतो.

सोबत तिकडे नोकेदली, म्हणजे उकडलेल्या पिठाचे छोटे गोळे, असतात. दोन वाट्या मैदा, दोन अंडी, मीठ आणि लागेल तसं पाणी घालून भज्यांपेक्षा घट्ट पीठ भिजवा. मोठ्या भोकांच्या बुंदीच्या झाऱ्यावरून ते उकळत्या पाण्यात पाडा. गोळे वर तरंगले की काढून थोडं तूप लावा. वेळ नसेल तर गरम भात करा, पण रस्सा भातावर ओतताना हात आखडू नका.