सोरायसिस: काय खावं, आणि कुठल्या गोळीआधी थांबावं

माझं चिपळूणला मेडिकल आहे आणि घरात आईला सोरायसिस, म्हणजे त्वचेवर खवल्यांचे चट्टे उठणारा आजार. "यावर खायला काय चांगलं?" हे मला काउंटरवरही विचारतात आणि जेवायला बसल्यावरही. माझं सांगणं असं, की कॅप्सूलची बाटली नंतर. आधी वजन आणि चालू असलेली औषधं बघा.

वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने चट्टे कमी व्हायला मदत होते. आहारातल्या बाकी कुठल्याही उपायाला एवढा भक्कम पुरावा नाही. अमेरिकेच्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनने 2018 मध्ये आहाराच्या शिफारशी केल्या, त्यातही हाच सल्ला आघाडीवर आहे. आईचा भात आम्ही बंद केला नाही. एक मूद कमी केली, कुळथाचं पिठलं आणि कोशिंबीर वाढवली. संध्याकाळचं फरसाण मात्र गेलं.

चपाती सरसकट सोडू नका. ग्लुटेनचा, म्हणजे गव्हातल्या प्रथिनाचा, त्रास आहे का, हे रक्ततपासणीत कळतं. ती तपासणी गहू खात असतानाच करायची. आधीच सोडला तर निकाल फसवा येऊ शकतो.

ओमेगा-3 च्या कॅप्सूल खूप खपतात, पण त्यांनी चट्टे जातात असं अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही. त्यापेक्षा बांगडा, तारली आणा. आमच्याकडे तळण्याऐवजी तिरफळं घालून तिखलं करतात. सोरायसिसवाल्यांना हृदयविकाराचा धोका जास्त असतो, म्हणूनही मासे बरे. शाकाहारी असाल तर जवस. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचं, गार झालं की सुकं खोबरं, लसूण, लाल तिखट, मीठ घालून कुटायचं. अख्खं जवस पचत नाही, तसंच बाहेर पडतं. चटणी आठवड्यापुरतीच करा, नाहीतर खवट होते.

आता गोळ्या. 60,000 युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी डॉक्टर बहुधा आठवड्याला एक, ठरावीक आठवडेच देतात. जुनी चिठ्ठी दाखवून लोक महिनोन्‌महिने नेऊ बघतात, तेव्हा मी देत नाही. अति झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मळमळ आणि खूप तहान लागते, मूत्रपिंडांना इजा होते.

सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट हे औषध चालू असेल तर ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. त्याच्यासोबत दिलेलं फॉलिक अ‍ॅसिड कुठल्या दिवशी, तेही डॉक्टरांकडून लिहून घ्या. दारू बंद, कारण दारू आणि मेथोट्रेक्सेट दोघांचाही भार यकृतावर पडतो. अ‍ॅसिट्रेटिन (अ जीवनसत्त्वाच्याच जातीचं सोरायसिसचं औषध) चालू असेल तर अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि कॉड लिव्हर ऑइल नको.

भाजीतली हळद बिनधास्त खा. कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या अर्काच्या, जोरदार कॅप्सूल मात्र विचारल्याशिवाय नकोत, त्यांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. गुळवेलीच्या काढ्याबाबतही 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी अशाच नोंदी प्रसिद्ध केल्या. सोरायसिसमध्ये प्रतिकारशक्ती आधीच चवताळलेली असते, तिला आणखी चेतवणारं काही घेताना दहादा विचार करा.

एखादा पदार्थ बाधतो असं वाटलं तर तेवढाच काही आठवडे बंद करा आणि चट्ट्याचा फोटो त्याच उजेडात काढत जा. एकदम दहा पदार्थ सोडले तर नेमकं काय बाधत होतं ते कधीच कळत नाही.

सकाळी उठल्यावर बोटं किंवा टाचा आखडत असतील, एखादं बोट सुजलं असेल, तर पथ्यावर वेळ घालवू नका. सांध्यांचा सोरायसिस असू शकतो. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि घरातल्या सगळ्या बाटल्या, चूर्णाच्या डब्यांसकट, पिशवीत घालून न्या.