मधमाश्यांचा घोस लटकलाय? या चुका टाळा

पहिली चूक म्हणजे नीट न बघता हात चालवणं. फांदीवर किंवा कुंपणावर माश्यांचा घोस दिसला की आधी लांबूनच बघा, आत मेणाचं पोळं आहे का. नसेल तर तो बहुधा थवा. वसाहत फार वाढली की जुनी राणीमाशी निम्म्याहून जास्त कामकरी माश्या घेऊन बाहेर पडते आणि नवी जागा मिळेपर्यंत असा मुक्काम ठोकते. निघताना माश्या पोटभर मध पितात, राखायला पिल्लंही नसतात, म्हणून त्या सहसा शांत असतात. काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत, शोधक माश्या जागा पक्की करतात आणि थवा उठतो. मुलांना आणि कुत्र्याला लांब ठेवलंत की तुमचं काम झालं.

पोळं असेल तर गोष्ट वेगळी. ते घर आहे, आणि घरासाठी माश्या डसतात. आग्या मोहोळाच्या तर जवळपासही धूर करू नका.

पाण्याचा फवारा, पेटता बोळा, झुरळांचं औषध, हे सगळे उद्योग अंगाशी येतात. एक माशी डसली की नांगीजवळून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि बाकीच्या तिथेच डसायला धावतात. अशा वेळी तोंड झाकून बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. पाण्यात उडी नको, माश्या वर घिरट्या घालत थांबतात. नांगी नखाने, चिमटीने, कशीही काढा, पण लगेच. श्वास अडखळला, जीभ सुजली किंवा चक्कर आली तर थेट दवाखाना.

भिंतीत शिरलेल्या माश्यांचं भोक बुजवलंत तर त्या खोलीत वाट काढतील. आतच मारल्यात तर पिल्लं कुजतात, मध पाझरतो. मधपाळाकडून पोळ्यासकट काढून घ्या आणि मगच फट बुजवा.

थवा पेटीत धरायला शिकणाऱ्यांची घाई नडते. घोस झटकून पेटीत पाडला की दाराकडे बघा. काही माश्या पोटाचं टोक वर करून पंख फडफडवत असतील, तर त्या बाकीच्यांना वासाने बोलावताहेत. राणी बहुतेक आत आहे. सगळ्या पुन्हा फांदीकडे निघाल्या तर ती बाहेरच राहिली, परत झटका. पेटी सावलीत ठेवा आणि अंधार पडल्यावरच हलवा, नाहीतर बाहेर गेलेल्या शोधक माश्या मागेच राहतात.