बोटीवर निघताना आधी हातातली पिशवी

बोटीच्या सहलीची तयारी म्हटली की सगळे मोठ्या बॅगेपाशी बसतात. मी तीनदा जाऊन आले, दोनदा मुंबई-गोवा आणि एकदा सिंगापूरहून. आता आमच्याकडे आधी हातातली पिशवी भरतात. मोठी बॅग धक्क्यावरच ताब्यात घेतात आणि ती खोलीच्या दाराशी येते संध्याकाळी, कधी जेवणं उरकल्यावर. तोवर जे काय आहे ते पिशवीत. म्हणून ओळखपत्रं, बोर्डिंग पासची छापील प्रत, बीपीच्या गोळ्या, चष्मा, चार्जर आणि मुलांचे पोहायचे कपडे याच पिशवीत. पहिल्या वेळी ते कपडे मोठ्या बॅगेत होते आणि पोरं दुपारभर पूलच्या काठाशी तोंड पाडून बसली होती. परदेशातली फेरी असेल तर पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक आहे ना, हे तिकीट काढायच्या आधी बघा, बॅग भरताना नव्हे.

त्या वेळी तर बॅग रात्री नऊपर्यंत आलीच नाही. नवरा चौकशीला खाली गेला, तर बॅग उघडी आणि शेजारी टेबलावर तीन वस्तू मांडून ठेवलेल्या. इस्त्री, एक्स्टेन्शन बोर्ड आणि सासूबाईंचा पितळी अडकित्ता. पहिल्या दोन माझ्या, कबूल करते. भर समुद्रात आग लागली तर बंब यायचा कुठून, म्हणून तापणाऱ्या आणि पेटणाऱ्या वस्तूंवर बोटवाल्यांचा फार कटाक्ष. इस्त्री, किटली, मेणबत्ती, उदबत्ती सगळं घरीच ठेवा. अडकित्ता मात्र तिथल्या पोराला उमजेना. तो उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा. सुपारीसाठी आहे म्हटल्यावर त्याने चिठ्ठी फाडून दिली, उतरताना परत मिळेल म्हणाला. सासूबाईंनी तीन दिवस बडीशेपेवर काढले आणि दिवसातून दोनदा ती चिठ्ठी जागेवर आहे ना ते पाहिलं. घरचा डबाही सहसा वर नेऊ देत नाहीत. चिवड्याचं सीलबंद पाकीट चालेल का, ते आधी विचारून घ्या.

ठाण्याहून निघणाऱ्यांनी तारीख रविवारची असेल तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक बघून ठेवावा. लोकलने सीएसएमटी, तिथून टॅक्सीने बोटीच्या धक्क्यावर, म्हणजे बॅलार्ड पिअरला, हा रस्ता सोपा, पण चार बॅगा घेऊन नाही. गाडीने जाणार असाल तर चेंबूरहून फ्रीवे धरा, तो थेट गोदीच्या बाजूला उतरवतो. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना किती वेळ हातात ठेवा हे मी काय सांगणार! बोट सुटायच्या बरीच आधी चेक-इन बंद होतं आणि बोट कुणासाठी थांबत नाही. परदेशी बंदरावर फिरायला उतरलात तर घड्याळ बोटीच्या वेळेवरच ठेवा. बोटीची वेळ आणि गावाची वेळ नेहमी एकच असेल असं नाही.

आता बोट लागण्याचं. गाडी लागते तशी बोट लागते, आणि मला कधी काही होत नाही म्हणणारेच आधी आडवे होतात. शरीर हलतंय हे कानाच्या आतल्या भागाला कळतं, पण खोलीच्या भिंती जागच्या जागी दिसतात. त्या गोंधळात पोट ढवळतं. म्हणून बंद खोलीत पडून राहण्यापेक्षा डेकवर जाऊन दूर क्षितिजाकडे बघावं. गोळी डॉक्टरांना विचारून घ्या आणि मळमळायच्या आधी घ्या, नंतर ती पोटात टिकत नाही. पिशवीत आलेपाक ठेवा. खोली निवडता येत असेल तर खालच्या मजल्यावरची, मधोमध घ्या. वरच्या मजल्यावरून देखावा छान दिसतो, पण हिंदकळणंही तिथेच जास्त. नाचगाण्याच्या हॉलखालची खोली तर फुकट दिली तरी नको. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा दिवाळीनंतरच्या तारखा बघितलेल्या बऱ्या.

सासूबाईंना काही झालं नाही. त्या लग्नाआधी भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने जायच्या, डेकवर वळकटी टाकून. बंदर आलं की बोट बाहेरच थांबायची आणि माणसं पडावात उतरायची. नव्या बोटीतला झुंबरांचा जिना बघून त्या एवढंच म्हणाल्या, "हिच्यात खारं वारं कुठे आहे?"

बोट सुटण्यापूर्वी संकटाच्या वेळी काय करायचं त्याची कवायत असते. सात छोटे भोंगे आणि एक लांब ऐकू आला की आपल्या ठरलेल्या जागी जमायचं. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कित्येकांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाला. नवऱ्याला त्या वेळात फोटो काढायचे होते. सासूबाईंनी त्याला दंडाला धरून नेलं. १७ जुलै १९४७ ला रेवसला जाताना बुडालेल्या रामदास बोटीची गोष्ट त्यांनी वडिलांकडून ऐकलेली आहे.

किरकोळ गोष्टी. बोट सुटली की फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर तो उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि बिल घरी आल्यावर कळतं. जेवणाआधी हात साबणानेच धुवा, बोटीवर पसरणाऱ्या उलटी-जुलाबाच्या विषाणूला सॅनिटायझर फारसं पुरत नाही. तिकिटात काय धरलंय आणि काय नाही ते वाचा. पेयं, वायफाय, टिप यांचे पैसे बरेचदा वेगळे. आणि फ्रिजवरचं एक मॅग्नेट न्या. सगळ्या खोल्यांची दारं सारखी आणि बहुतेक लोखंडी. आम्ही टिटवाळ्याच्या गणपतीचं लावलं होतं. दुसऱ्या दिवशी समोरच्या खोलीतल्या आजी तिथून जाता-येता नमस्कार करायला लागल्या.

शेवटच्या रात्री मोठी बॅग दाराबाहेर ठेवायला सांगतात. सकाळचे कपडे आधी बाजूला काढा, आणि बूटसुद्धा. आमचा धाकटा बॅलार्ड पिअरला पायमोज्यांवर उतरला. सासूबाई त्याच्या पुढे, चिठ्ठी हातात. अडकित्ता मिळाल्यावर फ्रीवेवर टॅक्सीतच सुपारी कातरली गेली.

रजा मात्र एक दिवस जास्तीची टाका. घरी आल्यावरही जमीन थोडी डोलत राहते. मी दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटत होते आणि ओटा सावकाश डावीकडे कलत होता.