अंगावर पित्त उठतंय? टेस्ट करायला धावण्याआधी या चुका टाळा

नागपुरात अंगावर पित्त उठलं की आळ संत्र्यावर नाहीतर सावजीच्या तिखट जेवणावर, आणि दुसऱ्याच दिवशी पेशंट बर्डीवर (सीताबर्डीला) मोठा अॅलर्जी पॅनल, म्हणजे एकदम ढीगभर पदार्थांची अॅलर्जी बघणारी रक्ताची टेस्ट, करायला हजर. सगळ्यात महागाची चूक हीच. पित्त सहा आठवड्यांच्या वर जवळपास रोज उठत असेल तर मागे खाण्याची अॅलर्जी बहुतेक वेळा नसतेच, पण पॅनलमध्ये वांगं, अंडं, शेंगदाणे असं काहीतरी पॉझिटिव्ह येतं नं, मग लोक महिनोन् महिने अर्धं ताट बंद करून बसतात आणि पित्त उठायचं ते उठतंच. अशा वेळी सुरुवातीला सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि ईएसआर किंवा सीआरपी (शरीरात आतून सूज आहे का ते दाखवणाऱ्या टेस्ट) पुरतं, थायरॉईडच्या अँटीबॉडी आणि टोटल आयजीई (अॅलर्जीशी संबंधित अँटीबॉडी) लागतात का ते स्किनचे डॉक्टर बघून सांगतात.

खरं निदान विचारपुशीतून होतं. अंगावर उठलेल्या एका गांधीभोवती, म्हणजे फुगवट्याभोवती, बॉलपेननं गोल काढा, बाजूला वेळ लिहा. साधं पित्त त्या जागेवरून 24 तासांच्या आत जातं, भले दुसरीकडे नवीन उठो. तीच गांध त्याहून जास्त टिकली, खाजेपेक्षा दुखते जास्त आणि जाताना काळा-निळा डाग सोडते, तर रक्तवाहिन्यांना सूज असू शकते, तिथे बायोप्सी (कातडीचा छोटा तुकडा काढून तपासणं) लागते. फोटोही काढून ठेवा, कारण नंबर लागेपर्यंत अंग साफ झालेलं असतं आणि डॉक्टरला दाखवायला काहीच उरत नाही.

मे महिन्यात घाम आला की बारीक बारीक दाणे उठतात, कूलरसमोर बसलं की तासाभरात जातात, याला घामोळं समजू नका, हेसुद्धा उष्णतेनं उठणारं पित्तच असतं. बेल्टखाली किंवा खाजवलं तिथे रेघ फुगते तोही वेगळा प्रकार.

गोळ्यांबद्दल तर कोणी विचारतच नाही! डोकं दुखलं म्हणून घेतलेली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक पित्त भडकवू शकते. गांधी नाहीत, फक्त ओठ किंवा जीभ सुजते आणि बीपीसाठी रॅमिप्रिल, एनालाप्रिल चालू आहे, तर लगेच डॉक्टरला गाठा, ती गोळीच कारण असू शकते. स्किन प्रिक टेस्ट (कातडीला बारीक टोचून अॅलर्जी बघणारी) ठरली असेल तर सेट्रिझिनसारखी अॅलर्जीची गोळी आधी काही दिवस बंद ठेवावी लागते, नाहीतर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. आणि दर वेळी स्टेरॉईडचं इंजेक्शन मारून घेणं सोडा, तेवढ्यापुरतं दबतं, पुन्हा उठतं.

पित्तासोबत श्वास अडकला, आवाज बसला, चक्कर आली तर गोळी खाऊन वाट बघू नका, मेडिकल असो की मेयो (नागपूरची दोन सरकारी हॉस्पिटलं), जी कॅज्युअल्टी जवळ पडेल तिथे लगेच न्या, तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं.